अंगठ्याला अडकवलेला दोरा

नातीने पाय खाली घेतला तेव्हाच मला कळलं, आता हिच्या हातून काही होत नाही.

तिने डाव्या पायातला बूट काढला होता, मोजा काढून बुटात कोंबला होता, पाय खुर्चीच्या कडेवर घेतला होता आणि दोऱ्याचा फासा अंगठ्याला घातला होता. ताण बरोबर बसला होता. एक गाठ तिने मारलीही. तेवढ्यात तो कॅमेरावाला फिरत फिरत तिच्या टेबलापाशी आला, वाकून काहीतरी बोलला, आणि तिने चोरी पकडल्यासारखा पाय खाली घेतला. दोरा सैल पडला. ओवलेले मोती टेबलावर घरंगळले, टेबलावरून फरशीवर गेले, आणि ती खाली वाकून ते गोळा करायला लागली. एका पायात बूट, एक पाय उघडा. बाकीच्या मुली मान वर न करता काम करत होत्या.

मी काचेच्या बाहेर होते. दिसत सगळं होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. मी उठून दरवाज्याशी गेले. वॉचमन म्हणाला, "अम्मा, अंदर अलाउड नहीं है. बैठो आप."

"मोती पडले तिचे."

"उठा लेगी. बैठो."

मी परत सोफ्यावर जाऊन बसले. तो सोफा इतका खोल होता की त्यातून उठायलाही दुसऱ्याचा हात लागावा.

ही भरती परळला होती, एका काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. पूर्वी तिथे गिरणी होती. माझा नवरा दुसऱ्या गिरणीत होता, तेव्हा त्या जागेबद्दल मला काही वाटायचं कारण नाही. दागिने करणारी एक कंपनी आहे, तिचं दुकान नाही, सगळा माल फोनवरून विकते. जुन्या पद्धतीचे दागिने नव्या तऱ्हेने करतात म्हणे. त्यांना अशी माणसं हवी होती जी दागिना आपल्या डोक्यातून काढतील आणि आपल्याच हाताने करतील. नातीच्या फोनवर तसा निरोप आला. केलेला एखादा नमुना घेऊन या, तिथे एक काम करायला देऊ, ते बघून निवडू, असं त्यात लिहिलं होतं.

नात माझ्या मुलाची मुलगी. बावीस वर्षांची. कॉमर्सला घातली होती, तिथे तिचं लक्ष नव्हतं, तिसऱ्या वर्षाला सोडून दिलं. मुलाने आरडाओरडा केला नाही, तो त्याचा स्वभाव नाही. त्याने परळच्याच एका हॉस्पिटलात ओळखीने शब्द टाकून ठेवला. बिलाच्या काउंटरवर जागा होती. तो म्हणाला, "आई, हे भरतीचं शेवटचं. इथे लागली तर लागली, मी काही बोलणार नाही. नाही लागली तर सोमवारपासून काउंटर. मण्यांचा विषय घरात परत काढायचा नाही."

मला म्हणाला, कारण तो विषय घरात मीच आणला होता.

काउंटर वाईट नाही. एसी आहे, पावसापाण्याची काळजी नाही, बसून काम. पण ज्याच्या हातात काम आहे त्याला पावत्या द्यायला बसवलं की तो माणूस चिडका होतो. माझ्या नवऱ्याला शेवटची वर्षं साच्यावरून, म्हणजे मागावरून काढून गेटवर बसवला होता. लोक म्हणायचे, आराम झाला तुमच्या मालकांना. तो आराम घरी आम्ही भोगला. साधा चहा गार झाला तरी कप आपटायचा. म्हणून मला ती नोकरी नातीला मिळायला हवी होती. तिच्यापेक्षा मला जास्त हवी होती असं सून म्हणते. असेल.

मी दागिने गाठवते. गिरगावच्या फणसवाडीत आमच्या खोलीसमोर एक पटवेकरीण राहायची, तिच्याकडून शिकले. सोनार पदक करतो, डूल करतो, मणी करतो. ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करायचं ते काम आमचं. मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ येते. ती मोत्याला टेकून बसली पाहिजे. मध्ये जागा राहिली की मोती हलतो, हलला की रेशीम घासतं, घासलं की एक दिवस तुटतं. म्हणजे वाढतं. दागिना तुटला म्हणायचं नाही, वाढला म्हणायचं, एवढं तरी सगळ्यांना माहीत असतं.

गाठ टेकवायला दोरा ताणलेला लागतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून दोऱ्याचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. जमिनीवर बसायचं, एक पाय पुढे घ्यायचा, फासा अंगठ्यात. अंगठा जरा पुढे केला की ताण, जरा मागे घेतला की ढील. माझ्या उजव्या अंगठ्याला त्याने खाच पडली आहे. नात लहान असताना तिच्या पायाची लांबी पुरायची नाही. म्हणून माझ्या उजव्या अंगठ्याला माझा दोरा आणि डाव्याला तिचा, अशी आम्ही बसायचो. मधूनच ती दोरा ओढायची, माझी गाठ चुकायची, मी तिच्या टाळक्यात एक द्यायची. तशी ती शिकली. मला जे येतं तेच मी शिकवलं. दुसरं मला येत नव्हतं.

भरतीला जायच्या आधी आम्ही सगळी तयारी केली. नमुना म्हणून तिने केलेला तन्मणी घेतला, सुती फडक्यात गुंडाळून. रेशमाच्या दोन लडी, मेण, सुया, कात्री. सुनेने तिला दादरहून बंद बूट आणून दिले, ऑफिस आहे, चपला घालून जाऊ नकोस म्हणाली. ड्रेसला इस्त्री झाली. देवाला नमस्कार झाला. काम टेबलावर करायला सांगतील, हे आमच्या दोघींच्या डोक्यातही आलं नाही. घरात टेबल नाही असं नाही. त्यावर मिक्सर आहे.

सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावरून बस धरून गेलो. पहिला भाग चांगला झाला. बाहेरच्या खोलीतच एका लांब टेबलावर सगळ्यांनी आपापले नमुने मांडले. कंपनीच्या एक मॅडम होत्या, चाळिशीच्या, बोलायला नीट, केस कापलेले. त्यांनी तन्मणी हातात घेतला, उलटा केला, गाठींवरून नख फिरवलं. उलटा केला तेव्हाच मला बरं वाटलं. पुढून तर कोणीही बघतं.

"कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"घरी. आजीकडे."

"या आजी?"

"हो."

त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. नात लाजून हसली. त्या वेळी मला वाटलं, झालं काम.

मग मुलींना आत नेलं. पाच-सहा मुली आणि दोन मुलगे असतील. बरोबर आलेल्यांनी बाहेर बसायचं. बाहेर मी आणि दादरच्या एक बाई. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांची मुलगी आत होती. मला म्हणाल्या, "आजी, तुम्ही एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात?" त्यांचे केस रंगवलेले होते आणि मुळाशी पांढरे दिसत होते.

मी म्हटलं, "लांब कुठे, गिरगावातूनच आले, मावशी."

त्यावर त्यांनी डब्यातली नारळाची वडी पुढे केली. वडी चांगली होती.

आतल्या खोलीच्या भिंती काचेच्या होत्या. उंच टेबलं, जमिनीला पक्की केलेली. गोल कडांची, कुठे काही अडकवायला जागा नाही. खुर्च्यांना हात नाहीत. प्रत्येकाला एक ताटली दिली, त्यात मोती, रंगीत मणी, रेशीम, एक लहान चांदीचं पदक. आधी कागदावर चित्र काढायचं, मग ते करायचं, शेवटी उभं राहून त्याबद्दल बोलायचं. विषय दिला होता समुद्र.

चित्रं काढून झाल्यावर त्यांनी ती काचेवर चिकटवली, त्यामुळे मला बाहेरून दिसली. चित्रांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. दुसऱ्या मुलींनी शंख काढले होते, मासे काढले होते, दादरच्या बाईंच्या मुलीने मोठी लाट काढली होती, छान होती. माझ्या नातीने फक्त एक सर काढला होता. वर गळ्याशी मोती एकमेकांना लागून, आणि खाली येता येता त्यांच्यात अंतर वाढत गेलेलं, मधे नुसतं रेशीम, अगदी खाली एकच मोती. खाली नाव लिहिलं होतं, ओहोटी. मला ते बघून बरं वाटलं आणि लगेच तिच्या टेबलाला दोरा अडकवायला काही आहे का ते मी शोधायला लागले. कारण नुसत्या रेशमावर मोती एका जागी उभा ठेवायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या गाठी घट्ट हव्यात, त्याला चिकटून. एखादी जरी सैल राहिली तर मोती घसरतो. तिने जे सगळ्यात चांगलं येतं तेच काढलं होतं. आणि ते करायला जे लागतं ते तिथे नव्हतं.

तिने करून बघितलं. आधी चिकटपट्टी मागून घेतली, दोरा टेबलाला चिकटवला. जरा ओढ बसली की पट्टी सुटायची. शेजारच्या मुलीकडे स्वतःची लाकडी फळी होती, खिळे मारलेली, क्लासमध्ये देतात म्हणे. ती खिळ्याला दोरा लावून भराभर करत होती. खिळ्यावर करणारेही चांगलं करतात, मी त्याला नावं ठेवत नाही. पण अंगठा ढील देतो, खिळा देत नाही. ज्याचा हात अंगठ्यावर बसला आहे त्याचा एका सकाळीत खिळ्यावर बसत नाही. आणि खिळाही तिचा नव्हताच. मग तिने दोरा दातात धरला. मी काचेबाहेर "नको, नको" म्हटलं. दातात धरायचा नाही हे मीच तिला शिकवलं आहे, थुंकीने रेशीम फुगतं आणि मळतं. तिलाही ते आठवलं असावं, तिने लगेच सोडला.

मग तिने बूट काढला. पुढचं मी सांगितलंच. कॅमेरावाला काय बोलला ते तिने मला नंतर सांगितलं. "ताई, पाय खाली घ्या ना प्लीज, पाय फ्रेममध्ये येतोय." तो त्या दिवसाचा व्हिडिओ करत होता, कंपनीच्या पेजवर टाकायला. वाईट बोलला नाही. शिरा पडो त्याच्या तोंडावर असं मला तेव्हा वाटलं होतं, पण त्याने त्याचं काम केलं.

शेजारच्या दादरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, पाय लावत होती का हो ती दागिन्याला? लक्ष्मी ना ती!"

"दोऱ्याला लावत होती," मी म्हटलं. "दागिना अजून व्हायचाय."

"तरीपण."

"तुमच्या गळ्यातलं कोणी गाठवलं?"

त्यांनी गळ्याला हात लावला. "गिरगावातल्या दुकानातून घेतलंय."

"मग ते कोणाच्या तरी अंगठ्यावरूनच आलंय."

त्यांनी वडीचा डबा बंद केला. बोलून मला काही मिळालं नाही. आत नात मोती मोजत होती.

तिने वर बघितलं तेव्हा मी तिला खूण केली. खाली बस, जमिनीवर बस, असा हात केला. तिला कळलं नाही असं वाटून मी माझी चप्पल काढली, पाय सोफ्यावर घेतला, पिशवीचा बंद अंगठ्यात घालून ताणून दाखवला. असं कर, असं. तिने ते बघितलं. तिच्याबरोबर आणखी दोघींनीही बघितलं आणि एकीला हसू आलं. नातीने मान फिरवली. त्यानंतर तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

मला राहवेना. मी परत दरवाज्याशी गेले. वॉचमन आता वैतागला होता. "अम्मा, मेरी नौकरी जाएगी. समझो ना." त्याचंही खरं होतं. आमचं बोलणं बघून त्या मॅडम बाहेर आल्या.

"काय झालं आजी? पाणी हवंय का?"

"तिला खाली बसू द्या."

"कोणाला? बरं वाटत नाहीये का तिला?"

"बरी आहे. जमिनीवर बसू द्या म्हणते. आमचं काम खाली बसून होतं, पायाला दोरा लावून. खुर्चीवर नाही होत."

त्यांनी ऐकून घेतलं. घाई केली नाही. मग म्हणाल्या, "मला ही पद्धत माहीत आहे आजी, बघितली आहे. पण एक सांगू का? इथे रोजचं काम याच टेबलांवर आहे. सगळी हत्यारं टेबलावर, दिवे टेबलावर. आज खाली बसून केलं, तर पुढे काय?"

"पुढे शिकेल ती टेबलावर. आज नाही येत."

"ज्यांना येतंय ते बसलेत ना आत."

त्यांचं चुकत नव्हतं. पण मी दरवाज्यातून हलले नाही. तेव्हा त्याच म्हणाल्या, "थांबा, मी विचारते तिला. तिला हवं असेल तर बसू दे. मी कॅमेराही तिकडे नेऊ देणार नाही."

एवढं कोणी करत नाही. मी हात जोडले. त्या आत गेल्या, नातीजवळ वाकल्या, फरशीकडे बोट दाखवलं. मी काचेला नाक लावून उभी. नातीने फरशीकडे बघितलं, मग आजूबाजूच्या टेबलांकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही. मॅडमनी परत काही विचारलं. तिने परत मान हलवली, या वेळी हसून.

ते हसणं मी ओळखते. तिच्या आजोबांना लोक विचारायचे, गेटवर बरं आहे ना, तेव्हा ते तसं हसायचे.

मग मी काही केलं नाही. करण्यासारखं राहिलंच नव्हतं. सोफ्यावर बसले आणि बघत राहिले. तिने सगळा सर तसाच केला, एका हाताने दोरा धरून, दुसऱ्याने गाठ ओढत. शेवटी एकेकीला उभं केलं. नात बोलली, चांगली बोलली असावी, कारण सगळे ऐकत होते आणि एकाने मान डोलावली. मग मॅडमनी सर दोन बोटांनी उचलून धरला. उचलला तसे मोती घसरले. सगळे नाही, खालचे. जिथे अंतर हवं होतं तिथे दोन-तीन मोती एकमेकांना येऊन चिकटले. ओहोटी गेली, नुसती एक वेडीवाकडी माळ राहिली. मॅडमनी ती हलकेच परत ताटलीत ठेवली.

निकाल लगेच सांगणार होते. ते आत बसून ठरवत होते आणि मुली बाहेर आल्या. नात माझ्या शेजारी बसली. मी पाण्याची बाटली दिली, तिने घेतली नाही.

तेवढ्यात कॅमेरावाला माझ्यापाशी आला. मला म्हणाला, "आजी, मॅडमनी सांगितलं, तुम्ही पायाने करता ना ते? मला जरा दाखवाल? दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतो."

"पाय दिसेल त्यात," मी म्हटलं.

"दिसू दे ना. तेच तर हवंय. ऑथेंटिक वाटतं."

मी नातीकडे बघितलं. ती बुटाची नाडी बांधत होती, ती आधीच बांधलेली होती. माझ्या मनात आलं, निकाल अजून व्हायचाय. आत बसलेल्या लोकांनी हे बघितलं, पोरगी कुठून शिकली ते त्यांना कळलं, तर कदाचित. मला तेव्हा तेवढंच सुचलं. मी लुगड्याचा काठ आवरला आणि तिथेच, त्यांच्या गुळगुळीत फरशीवर बसले. त्याने आतून मोत्यांची ताटली आणि रेशीम आणलं. मी फासा अंगठ्यात घातला आणि गाठवायला लागले. मी रोज तेच करते. सगळ्या मुली भोवती जमल्या, फोन काढले. दादरच्या बाईही उभ्या राहून बघत होत्या. मी मोती ओवत गेले, गाठी मारत गेले, वीतभर झालं तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

मी कॅमेरावाल्याला विचारलं, "नातीला घेतील ना मग?"

तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही हो आजी."

मॅडम बाहेर आल्या, दोन नावं घेतली. एक दादरच्या बाईंची मुलगी, एक मुलगा. आमचं नाव नव्हतं. मग त्या आमच्याकडे आल्या आणि नातीला म्हणाल्या, "तुझी कल्पना सगळ्यात चांगली होती. खरं सांगते. टेबलावर हात बसव आणि पुन्हा ये."

नात म्हणाली, "थँक्यू मॅम."

"आणि आजी, तुमचं काम बघायला मिळालं. खूपच सुंदर."

मला उठवायला नातीने हात दिला. फरशी गार होती, गुडघे धरले होते.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "बसायचं होतंस गो खाली. मॅडम हो म्हणाल्या होत्या."

"माहितीये."

"मग?"

"सगळे वर टेबलावर आणि मी एकटी त्यांच्या पायाशी? कामवालीसारखी?"

"मी बसले."

"तू आजी आहेस. तुला टाळ्या वाजवतात." ती थांबली. "मला नसत्या वाजवल्या."

मी जन्मभर खाली बसले, खाली बसण्यात कमीपणा आहे हे मला कधी वाटलं नाही, कारण आमच्यात सगळेच खाली बसायचे. वर बसलेले कोण नव्हतेच. तिच्या वेळी आहेत.

"तूच कशाला केलंस ते?" तिने विचारलं. "ते व्हिडिओचं."

"मला वाटलं तुला घेतील."

"आजी, तू पण ना." एवढंच म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

बसस्टॉपवर तिने बूट काढले आणि हातात घेतले. टाचेला फोड आला होता. बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लालबागला एक बाई चढली, तिला नातीने आपली जागा दिली आणि गिरगाव येईपर्यंत उभी राहिली.

घरी तोंडं बघूनच मुलाला कळलं. सुनेने जेवायला वाढलं. मुलगा जेवता जेवता म्हणाला, "सोमवारी साडेनऊला पोचायचं. मी येतो सोडायला पहिल्या दिवशी." नात म्हणाली, "नको, जाईन मी." मी म्हटलं, "तिला आणखी एकदा बघू दे, मॅडम म्हणाल्या पुन्हा ये." मुलाने माझ्याकडे बघितलं. "आई, आपलं काय ठरलं होतं?" आपलं काही ठरलं नव्हतं, त्याने ठरवलं होतं. पण ते मी बोलायच्या आत नातच म्हणाली, "राहू दे आजी."

सोमवारी ती गेली. आता रोज जाते. काम नीट करते, तक्रार नाही. सुट्टीच्या दिवशी मी दोरा काढून बसले की ती दुसऱ्या खोलीत जाते किंवा खाली मैत्रिणीकडे जाते. मी बोलावत नाही. एकदा बोलावलं होतं, तेव्हा म्हणाली, "पाय दुखतोय." दुखत नव्हता.

त्या कंपनीने व्हिडिओ टाकला. वाडीतल्या बायका फोन घेऊन दाखवायला आल्या, "आजी, तुम्ही फेमस झालात!" त्यात माझे हात आहेत, माझा पाय आहे, अंगठ्याची खाचसुद्धा दिसते. चेहरा थोडाच वेळ आहे. मागे मुलींची गर्दी आहे, त्यात नात कुठे दिसत नाही. ती तेव्हा सोफ्यावर बसली होती. लोकांना वाटतं त्या दिवशी जे काय झालं ते मला झालं. मला काही झालं नाही. परीक्षेला माझी नात बसली होती.